जबड्याचा आतला फोटो

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तालुका सुविधा समन्वय कार्यालयाच्या संवाद खिडकीवर कर्तव्य बजावत असताना, उत्तरेश्वर मामांचा जबडा कामकाजाच्या मध्येच बंद पडला. त्या वेळी ते 'साहेब मीटिंगला गेलेत' हे वाक्य उच्चारत होते. 'साहेब' आणि 'मीटिंगला' हे दोन शब्द व्यवस्थित बाहेर पडले, 'गे' कसाबसा आला आणि 'लेत' आतच राहिला. समोर रांगेत सतरा माणसं होती. त्यांच्यापैकी कुणाचंही काही अडलं नाही, कारण उरलेलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

मी या कार्यालयात आस्थापना लिपिक आहे. रजा, बदल्या, सेवापुस्तकं आणि खुलासे माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे ही हकिगत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. आमचं कार्यालय भूमला, बाजाराच्या मागच्या बाजूला. जनतेला सुविधा देणाऱ्या निरनिराळ्या कार्यालयांमध्ये समन्वय साधणं हे आमचं काम आहे. म्हणजे लोक आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना, तुम्ही चुकीच्या कार्यालयात आला आहात, हे समन्वयानं सांगतो.

हे सांगण्याची जबाबदारी एकोणीस वर्षं मामांवर होती. त्यांचं वय चौपन्न. राजशेखर साहेब बसतात ती खोली मामांच्या पाठीमागं बारा पावलांवर आहे आणि तिला हिरवा पडदा आहे. साहेब मीटिंगला जातात हे खरं. पण मामा जेवढ्या मीटिंगा जाहीर करत, तेवढ्या सबंध राज्यात होत नसतील. बहुतेक वेळा साहेब पडद्याआड असत, त्यांची खुर्ची कुरकुरत असे, आणि ती कुरकुर खिडकीपर्यंत पोचू नये म्हणून मामांना ते वाक्य जरा मोठ्यानं म्हणावं लागे.

जबडा दोन महिन्यांपासून दुखत होता. सोमवारी तो अडकला, पाच मिनिटांनी सुटला, पण मामा घाबरले. माणूस तसा साधा. ज्वारीची कडक भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, एवढंच त्यांचं ऐश्वर्य. आता घरी भाकरी दुधात कुस्करून मिळू लागली होती, लहान लेकराला देतात तशी. दुपारी डबा उघडून ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "भाकरीसाठी नोकरी धरली भाऊसाहेब, आन् नोकरीपायी भाकरीच सुटली."

त्यांची मागणी लहान होती. आमच्याकडे मागच्या बाजूला अभिलेख कक्ष आहे. तिथं जुन्या फायली असतात, माणूस कुणी नसतो आणि दिवसभर तोंड उघडावं लागत नाही. तिथली खुर्ची सहा वर्षं रिकामी होती. मे अखेरपर्यंत बदल्या चालू होत्या. जबड्याला थकवा आला आहे, सबब अभिलेख कक्षात बदली व्हावी, असा अर्ज मामांनी केला आणि मी तो साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी अर्ज वाचला आणि मामांकडं निरखून पाहिलं. थकवा कुठं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मामा म्हणाले, थकवा आत आहे. साहेब म्हणाले, आतलं शासनाला कसं दिसणार? फोटो लावा.

इथं आमच्या फोटोंविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे झाड लावलं की फोटो, गटार उपसलं की फोटो, जनजागृती झाली की जागृत झालेल्या जनतेचा फोटो. प्रत्येकाच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश छापून येतात. फोटो नसेल तर काम झालं असं धरता येत नाही, आणि फोटो असेल तर काम झालं की नाही हे बघायला कुणी जात नाही. ईट गावाच्या एका वस्तीवरचा हापसा दोन वर्षांपासून बंद आहे. आमच्या फाइलला मात्र त्याचा चालू स्थितीतला फोटो आहे, पाण्याची चांगली जाड धार पडतेय. तो फोटो दुसऱ्याच शिवारातल्या हापशाचा आहे. अक्षांश-रेखांशही तिथलेच आहेत, पण ते वाचायचा आमच्याकडे रिवाज नाही. फोटो फाइलला मी लावला होता, मामांच्या देखत. त्या दिवशी माहिती तातडीनं पाठवायची होती.

त्या वस्तीवरच्या कडूबाई दर बाजारच्या दिवशी खिडकीवर यायच्या. पासष्टीची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. विचारायच्या, "साहेब हायत का?" आणि मामा सांगायचे, मीटिंगला गेलेत. दोन वर्षं झाली, एक बाजार चुकला नाही. आमच्या कार्यालयात एवढी नियमित हजेरी दुसऱ्या कुणाची नव्हती.

तर मामांनी फोटो लावला. मोबाइलच्या दुकानात जाऊन, गालाला हात लावून, अक्षांश-रेखांशासह. साहेबांनी तो परत केला. हा चेहऱ्याचा फोटो झाला, थकव्याचा कुठाय, असा शेरा पडला. शिवाय अर्जदार फोटोत हसताना दिसत आहे, असाही शेरा पडला. त्यात मामांचा दोष नव्हता. दुकानदारानं हसायला सांगितलं होतं आणि कुणी सांगितलेलं न ऐकणं मामांच्या स्वभावात नव्हतं.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की दात ठणठणीत आहेत, जबड्याच्या स्नायूचा आतला फोटो काढावा लागेल. आमच्या भागात एक्सरे असो, सोनोग्राफी असो की मोठ्या नळकांड्यातली तपासणी असो, सगळ्याला फोटोच म्हणतात. मामांचा चेहरा उजळला. आतला फोटो निघतो म्हटल्यावर साहेबांची अडचणच मिटली, असं त्यांना वाटलं.

पुढच्या बुधवारी ते धाराशिवला एका दवाखान्यात गेले. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर नऊ गरोदर बाया आणि मध्ये मामा. भिंतीवर पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. मामांनी ती चारदा वाचली. नंबर आल्यावर सगळ्यात आधी त्यांनी डॉक्टर आरोही मॅडमना सांगून टाकलं की आपण त्यासाठी आलेलो नाही. मॅडम तरुण होत्या. त्यांनी हसू दाबलं, मामांना आडवं केलं आणि गालावर गार जेली लावून यंत्राची मूठ फिरवायला सुरुवात केली.

पडद्यावर मामांचा चावायचा स्नायू दिसू लागला. मऊ भाग निळा आणि ताठ भाग लाल, अशी त्या यंत्राची रीत. मॅडम म्हणाल्या, स्नायू दमतो कसा ते बघायचं तर त्याला काम द्यावं लागेल, काहीतरी चावा. मामांनी पिशवीतून फडकं काढलं. घरच्यांना न सांगता त्यांनी कडक भाकरीचा चतकोर बरोबर घेतला होता, सुटली तरी सवय मोडली नव्हती. डोळ्यात पाणी येईपर्यंत त्यांनी तो चावला. स्नायू लाल झाला, दमला आणि दोन मिनिटांत पुन्हा निळा झाला. मॅडमना नवल वाटलं. एवढा दुखरा स्नायू भाकरीनं दमत नव्हता.

मग त्यांनी मामांना विचारलं की तुमचं काम बोलायचं आहे ना, दिवसभर काय बोलता? मामा म्हणाले, एकच वाक्य आहे. मॅडम म्हणाल्या, म्हणा.

मामांनी ओठ उघडायच्या आतच सबंध पडदा लाल झाला. मॅडमनी यंत्र तपासलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लावलं. मामांनी गावांची नावं घेतली. भूम, ईट, सासुरवाडीचं सास्तूर. स्नायू निळाशार. मग पुन्हा ते वाक्य. पुन्हा लालभडक.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "हा स्नायू तोंड उघडायचा नाही, मिटायचा आहे. बोलून हा थकत नाही. ते वाक्य म्हणायच्या आधी तुम्ही काहीतरी दाताखाली घट्ट दाबून धरता. काय दाबता?"

मामांनी भाकरीच्या फडक्यानं गालावरची जेली पुसली.

"साहेब आतच हायत," ते म्हणाले, "हे."

मॅडमनी अहवाल लिहिला. दोन्ही बाजूंचे चावण्याचे स्नायू ताठर व थकलेले. कारण, बोलण्याचा ताण नसून न बोलण्याचा ताण. निघताना त्यांनी मामांना एक सोपी तपासणी शिकवली. कानाच्या जरा पुढं गालावर दोन बोटं ठेवायची. टणक गोळा लागला की समजायचं, आत काहीतरी अडवून धरलंय. हे सगळं मामांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिले. मी बोटं ठेवली नाहीत. मला जावक नोंदवही लिहायची होती.

अहवाल पोर्टलवर चढवायचा होता. पहिल्या वेळी पोर्टलनं तो नाकारला, कारण फोटोची पार्श्वभूमी काळी होती. नियमानुसार ती पांढरी असावी. दुसऱ्या वेळी कारण आलं की चेहरा समोरून नाही आणि दोन्ही कान दिसत नाहीत. तिसऱ्या वेळी मी तो 'सोनोग्राफी' या सदराखाली चढवला, आणि पोर्टलनं विनाविलंब मामांना एकशे ऐंशी दिवसांची प्रसूती रजा मंजूर केली. मोबाइलवर अभिनंदनाचा संदेश आला, पोषक आहार घ्या असा सल्लाही आला. साहेबांची डिजिटल सही त्यावर होती. ती आमच्याकडे न वाचताच होते, कारण वाचलं तर वेळ लागतो. रजा रद्द करायला पोर्टलनं कर्मचारी पुरुष असल्याचा पुरावा मागितला, फोटोसह. मामांनी पुन्हा मोबाइलच्या दुकानात जाऊन फोटो काढला. या वेळी ते हसले नाहीत.

शेवटी कागद साहेबांच्या हातात पडला. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. 'न बोलण्याचा ताण' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी आदेशाचा मसुदा तोंडी सांगितला आणि मी तो टंकला.

'उपरोक्त अहवालानुसार आपला थकवा न बोलण्यामुळे उद्भवला असल्याने, जेथे बोलावेच लागत नाही अशा अभिलेख कक्षात आपली बदली करणे आपल्या प्रकृतीस अपायकारक ठरेल. सबब आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे. आपण संवाद खिडकीवरच कार्यरत राहावे व प्रकृतीच्या हितासाठी तेथे मनमोकळेपणाने बोलावे.'

टंकतानाच माझ्या लक्षात आलं होतं की शेवटच्या ओळीत एक भोक राहिलंय. पण साहेबांच्या मसुद्यातलं भोक दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. मी जावक क्रमांक टाकला आणि मामांची पोच घेतली. मामांनी आदेश वाचला. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. पण आदेश आला की तो पाळायचा, हे एकोणीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

बाजारच्या दिवशी कडूबाई आल्या. मागं रांग होती. त्यांनी पिशवी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि नेहमीचं विचारलं.

"साहेब हायत का?"

मामांनी गालावर दोन बोटं ठेवली. मग बोटं खाली घेतली.

"हायत," ते म्हणाले. "आतच हायत मावशी. पडद्यामागं. दोन वर्सं झाली, तितंच हायत. आन् तुमच्या हापशाचा फायलीतला फोटो दुसऱ्या गावचा हाय."

रांगेत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत सगळ्यांना खुर्चीची कुरकुर ऐकू आली. कडूबाईंनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि त्या पडद्याकडं चालू लागल्या. बारा पावलं. मला वाटत होतं कुणीतरी अडवावं, पण अडवायचं काम मामांचं होतं आणि मामा तर पुढच्या माणसाला कोणत्या टेबलावर कोण असतं ते समजावून सांगत होते. चक्क हसत होते.

आतलं मला सगळं ऐकू आलं. कडूबाई आधी साहेबांकडं बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एवढ्या मीटिंगा करतो म्हंजे माणूस म्हातारा असंल असं वाटलं होतं. मग त्या बसल्या. साहेबांनी फाइल मागवली आणि ती मलाच न्यावी लागली. कडूबाईंनी जाड धारेच्या फोटोवर बोट ठेवलं.

"साहेब, ह्या हापशाला लई पानी हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो कुठं हाय तेवडं सांगा. म्या तितनं भरते."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. हा फोटो कुठला, असं त्यांनी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, ते चार शब्दांचं होतं. मी दात दाबले आणि म्हणालो, पाहून सांगतो साहेब. कडूबाई मात्र उठल्या नाहीत. साहेबांना खऱ्याच मीटिंगला जायचं होतं, त्या दिवशी ती चुकली.

दोन दिवसांनी वस्तीवर माणसं गेली. हापसा दुरुस्त करायला नाही, त्याचा खरा फोटो काढायला. पण फोटोत पाणी दिसायला हवं होतं आणि हापशातून पाणी निघत नव्हतं. जवळच्या टाकीतलं पाणी बादलीनं वरून ओतून फोटो घ्यावा, असा एक विचार निघाला. कडूबाई हापशाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खालनं येतं त्याचाच फोटो काढायचा. संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. शेवटी फोटो निघावा म्हणून नवे पाइप आणून हापसा दुरुस्त करावा लागला. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात फोटोसाठी काम झाल्याची ही एकमेव नोंद आहे.

मामांना कारणे दाखवा नोटीस निघाली. साहेब कार्यालयात उपस्थित असल्याची गोपनीय माहिती त्यांनी जनतेसमोर उघड केली, असा ठपका होता. नोटीस मीच टंकली. मामांनी खुलाशाला दोन कागद जोडले. एक म्हणजे मनमोकळेपणाने बोलण्याचा आदेश. दुसरा म्हणजे आरोही मॅडमनी नव्यानं काढलेला आतला फोटो, दोन्ही बाजूंनी निळाशार. खाली लिहिलं होतं, थकवा आढळला नाही, रुग्ण कडक भाकरी खातो.

साहेबांना आदेश मागं घेता येईना आणि मामांना खिडकीवर ठेवताही येईना. तेव्हा त्यांची प्रशासकीय कारणास्तव बदली झाली, शिक्षा म्हणून, अभिलेख कक्षात. मामा साहेबांकडं गेले आणि म्हणाले, आता नको, आता खिडकी बरी वाटतेय. साहेब म्हणाले, महिन्यापूर्वी तुम्हीच मागितली होती, तसा तुमचा सहीचा अर्ज फाइलला आहे. ते खरंच होतं.

मामा आता मागं बसतात. जुने तक्रार अर्ज काढतात आणि मोठ्यानं वाचतात, एकेक नाव, गाव, तारीख. जबड्याला व्यायाम म्हणून, असं ते सांगतात. दुपारी कांदा फोडल्याचा आवाज येतो. त्यांचं बरं चाललंय आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

संवाद खिडकी रिकामी राहिली. तिथं तात्पुरत्या स्वरूपात माझी नेमणूक झाली. पहिल्याच बाजारच्या दिवशी कडूबाई आल्या. या वेळी वस्तीवरच्या दिव्याच्या खांबाचं होतं. खांब फाइलमध्ये उभा आहे, वस्तीवर नाही. तो फोटोही मीच लावलेला.

"साहेब हायत का?" त्यांनी विचारलं.

माझ्या पाठीमागं खुर्ची कुरकुरली. मी आवाज जरा वाढवला आणि सांगितलं, साहेब मीटिंगला गेलेत. वाक्य सबंध बाहेर आलं, कुठंही अडकलं नाही. फक्त कानाच्या पुढं काहीतरी गच्च झालं. मामा हातात डबा घेऊन तिकडून चालले होते. त्यांनी माझ्याकडं बघून स्वतःच्या गालावर दोन बोटं ठेवली आणि निघून गेले. माझा पण आतला फोटो काढावा, असं मनात येतं. पण तो आस्थापनेच्या फाइलला लावावा लागेल आणि ती फाइल माझ्याचकडे आहे.

वाचता वाचता तुम्हाला आमच्या कार्यालयाची गंमत वाटली असेल. वाटू द्या. एवढंच करा, कानाच्या जरा पुढं गालावर दोन बोटं ठेवा. ती खुर्ची तुम्हालाही ऐकू येत होती. मी वाक्य अर्धं सोडलं असतं तरी तुम्ही ते पुरं करून, मान हलवून घरी गेला असता. रांगेत सतरा माणसं होती, असं मी सुरुवातीला लिहिलं. त्यात तुम्हीही होतात.